धडधाकट आहेस, म्हणूनच

अगं, परवा फोनवर तू जे बोललीस ते अजून माझ्या डोक्यात घोळतंय. "ताई, मला काय धाड भरलीय? बीपी नाही, शुगर नाही, रोज सकाळी गंगेवर चालून येते. बाळंतपणं सोडली तर दवाखान्याची पायरी चढले नाही. आता रिटायरमेंटबरोबर ऑफिसचा मेडिक्लेम संपला की संपला. वर्षाला वीस-पंचवीस हजार भरायचे आणि आजारीच पडलो नाही तर ते पाण्यात!" तेव्हा घरात माणसं होती, म्हणून मी नुसतं हं हं केलं. आज दुपारी निवांत बसलेय. सहा वर्षांनी मोठी आहे, त्या हक्काने लिहितेय. राग मानू नकोस, पण शेवटपर्यंत वाच.

हेच मी 2017 मध्ये बोलले होते. जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले, शाल-श्रीफळ घेऊन घरी आले, आणि आठवड्याभरात ह्यांचे एक मित्र मेडिक्लेमचा फॉर्म घेऊन आले. मी त्यांना चहा पाजला आणि म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी काशीयात्रा झाली. मग घराला रंग काढला, मग धाकट्याचं लग्न निघालं. 2019 च्या पावसाळ्यात चष्म्याचा नंबर बदलला म्हणून डोळे दाखवायला गेले, तर डॉक्टर म्हणाले, आधी रक्त तपासून या. उपाशीपोटी 168, जेवणानंतर 251. तो कागद हातात घेऊन मी लॅबच्या बाहेरच्या बाकावर किती वेळ बसले होते, मला आठवत नाही.

त्यानंतर धावपळ करून पॉलिसी घेतली. मिळाली, पण हप्ता वाढवून, आणि मधुमेहासाठी चार वर्षांचा वेटिंग पिरियड. त्या चार वर्षांत मधुमेहापायी जे काही होईल, त्याचा एक पैसा मिळणार नव्हता. 2021 मध्ये पायाला जखम झाली, चिघळली, सात दिवस ॲडमिट होते. क्लेम नामंजूर. कंपनीचं चुकलं असं मी म्हणत नाही, अट लिहिलेलीच होती. चूक माझी होती. 2017 मध्येच, रक्तात काही निघायच्या आधी मी सही केली असती, तर तो खर्च माझ्या फंडातून गेला नसता.

म्हणून सांगतेय. तू धडधाकट आहेस हे पॉलिसी न घेण्याचं कारण होऊच शकत नाही. घ्यायची तर आत्ताच, याचं ते कारण आहे. आज तुझा फॉर्म स्वच्छ आहे. विमा कंपनीपाशी घासाघीस करायला तुझ्या हातात एवढी एकच गोष्ट आहे, आणि ती कधी हातातून जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

नियम माझ्या वेळेपेक्षा आता पुष्कळ बरे आहेत. 1 एप्रिल 2024 पासून पूर्वीच्या आजारासाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त तीन वर्षांचा झाला. पासष्टीनंतर नवीन पॉलिसी मिळत नाही, ही भीतीही उरली नाही. कुठल्याही वयाच्या माणसासाठी पॉलिसी ठेवायला विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, कंपन्यांना सांगितलंय. पण हे ऐकून "मग सत्तरीला घेईन" असं म्हणू नकोस. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, गर्भाशय काढणं, गुडघा बदलणं अशी एक यादी प्रत्येक पॉलिसीत असते. ह्या गोष्टी पॉलिसी घेतल्यापासून बहुधा दोन वर्षं मिळत नाहीत, काही कंपन्यांत तीन. माणूस कितीही ठणठणीत असला तरी त्याला हे लागू. आता तूच बघ, ह्या यादीतलं काय काय आपल्या घरात साठ ते पासष्टमध्ये झालं? आईचे दोन्ही मोतीबिंदू, मावशीचा गुडघा, माझा डावा डोळा. ती दोन वर्षं सही केल्या दिवसापासून मोजली जातात. आज सही केलीस तर बासष्टीला तू मोकळी.

आता सगळ्यात घाईची गोष्ट, आणि ही तुला ऑफिसात कुणी सांगितली नसणार. कंपनीने तुमची दोघांची नावं ग्रुप मेडिक्लेममध्ये 31 मार्चपर्यंत ठेवली आहेत म्हणालीस. ती तारीख जाऊ देऊ नकोस. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या माणसाला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा हक्क आहे. त्याला मायग्रेशन म्हणतात. असं गेलं की ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होतात, जेवढ्या रकमेचं संरक्षण तिथे होतं तेवढ्यापुरती. म्हणजे तुझा मोतीबिंदू-गुडघ्याचा दोन वर्षांचा प्रश्नच मिटला. आणि तुझ्या ह्यांना बीपीची गोळी चालू आहे ना? त्यांच्यासाठी तर ही वाट सोन्यासारखी आहे. नव्याने अर्ज केला तर बीपीसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागेल. मायग्रेशनने गेले तर ऑफिसच्या पॉलिसीतली इतकी वर्षं जमेला धरली जातील. कंपनी तपासण्या मागू शकते, हप्ता नवा ठरवू शकते, ते मान्य. पण अर्ज मुदतीच्या निदान महिनाभर आधी गेला पाहिजे. पॉलिसी एकदा संपली आणि मध्ये खंड पडला, की सगळं शून्यापासून. ती कंपनी नाहीच पटली तर पुढच्या वर्षी दुसरीकडे पोर्ट करता येतं, नूतनीकरणाच्या किमान 45 दिवस आधी अर्ज देऊन. जमा झालेली वर्षं तेव्हाही सोबत येतात.

फॉर्म भरताना मात्र एक कर. एजंटच्या हातात कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नकोस. तू मला म्हणालीस, काहीच नाही. आणि फ्रिजवरच्या त्या स्टीलच्या डबीत थायरॉईडची 25 ची गोळी कोणाची आहे? सकाळी चहाच्या आधी घेतेस, इतकी सवयीची झालीय की तुला तो आजार वाटतच नाही. 2014 मध्ये मूतखड्यासाठी एक रात्र सलाईन लावलं होतं, मीच थांबले होते तुझ्यापाशी. हे दोन्ही लिही. एजंट म्हणेल, "मॅडम, एवढंतेवढं कशाला, उगाच कंपनी शंका काढते." तरी लिही. सलग पाच वर्षं हप्ते भरल्यावर, आधीची माहिती दिली नव्हती म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पण ती पाच वर्षं व्हायच्या आत जर ॲडमिट झालीस, तर हॉस्पिटलचा जुना केसपेपर बरोबर बाहेर येतो. आणि तेव्हा भांडायचं त्राण आपल्यात नसतं गं.

तू विचारलंस, स्वस्तातली कुठली? त्याआधी तुला एक बिल दाखवते. 2022 मध्ये ह्यांचं पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन झालं. पॉलिसी 3 लाखांची, दिसायला स्वस्त. ॲडमिट करताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, शेअरिंग रूम हवी की सिंगल? ह्यांना दुसऱ्याच्या खोकण्याने झोप लागत नाही, म्हणून मी सिंगल सांगितली, दिवसाला 6 हजारांची. पॉलिसीत खोलीची मर्यादा विम्याच्या 1 टक्का, म्हणजे 3 हजार. मी मनात हिशोब केला, चार दिवसांचे वरचे 12 हजार आपण भरू, त्यात काय.

डिस्चार्जच्या दिवशी कागद हातात आला. एकूण 1 लाख 60 हजार. खोलीचे 24, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे 90, औषधं-तपासण्या-साहित्याचे 46. खोलीचे निम्मे कापले, ते अपेक्षित होतं. पण सर्जन, भूल आणि थिएटरच्या 90 चेही निम्मे कापले होते. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची घेतली, म्हणून तिच्याशी जोडलेले हे खर्चही त्याच प्रमाणात निम्मेच धरले. औषधं आणि तपासण्यांना ही कात्री लागत नाही. पण त्यात हातमोजे, मास्क असल्या वस्तूंचे 6 हजार होते, ते पॉलिसीत बसत नाहीत म्हणून गेले. खिशातून 63 हजार भरले. ज्या खोलीपायी 12 हजार जातील असं मला वाटलं होतं, तिच्यापायी 57 हजार गेले.

तेव्हापासून मी पॉलिसीचा पहिला कागद वाचतच नाही, आधी अटींचं पान उघडते. खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का? को-पे किती, म्हणजे प्रत्येक बिलातला किती टक्के हिस्सा आपण भरायचा? ज्येष्ठांसाठी म्हणून ज्या खास पॉलिसी विकतात, त्यांत पुष्कळदा 20 टक्के को-पे असतो. 4 लाखांच्या बिलात 80 हजार तुझे. हप्त्यात वाचवलेले चार-दोन हजार तिथे एका फटक्यात जातात. हे सगळं सोप्या भाषेत लिहिलेलं एक माहितीपत्रक कंपनीने द्यायलाच हवं असा नियम आहे, आणि मागितलं तर ते मराठीतही मिळायला हवं. माग. हातात पॉलिसी पडल्यावरही 30 दिवस असतात, वाचून पटली नाही तर परत करता येते.

तुझ्यासाठी मी काय करीन ते सांगते. 5 लाखांची एक साधी मूळ पॉलिसी, आणि तिच्यावर 15-20 लाखांचा सुपर टॉप-अप, 5 लाखांच्या डिडक्टिबलचा. सुपर टॉप-अपची रक्कम मोठी दिसते, तरी त्याचा हप्ता मूळ पॉलिसीच्या मानाने बराच कमी असतो, कारण वर्षाचे पहिले 5 लाख त्या कंपनीला द्यायचेच नसतात. फक्त "सुपर" हा शब्द नीट बघून घे. समज, एका वर्षात दोनदा ॲडमिट व्हावं लागलं, दोन्ही वेळा 4-4 लाख. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं मोजतो, एकही बिल 5 लाखांवर गेलं नाही, म्हणून काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो, 8 लाखांतले वरचे 3 तो देतो. आणि दोन्ही एकाच दिवशी घे, म्हणजे दोन्हींचे वेटिंग पिरियड बरोबर सुरू होतील.

मूळ पॉलिसी म्हणून "आरोग्य संजीवनी" जरूर बघ. एप्रिल 2020 पासून सगळ्या कंपन्यांना ती ठेवावीच लागते, त्याच नावाने आणि त्याच अटींवर. ऑफिसच्या पॉलिसीची जी कंपनी आहे तिच्याकडेही ती असणारच. अटी सगळीकडे सारख्या, फरक हप्त्यात आणि सेवेत, त्यामुळे तुलना करायला डोकं शिणत नाही. खोलीला विम्याच्या 2 टक्के आणि वर 5 हजारांची कमाल मर्यादा, को-पे 5 टक्के, मोतीबिंदूला एका डोळ्यामागे जास्तीत जास्त 40 हजार. मुंबईच्या बड्या हॉस्पिटलात ही खोलीची मर्यादा तोकडी पडेल. तुझ्या घराजवळच्या दोन हॉस्पिटलांत मात्र एकदा जाऊन खोलीचे दर विचारून ये. 5 हजारांच्या आत चांगली खोली मिळत असेल, तर माझ्या मते तुला हीच पुरे. दोघांच्या पॉलिसी वेगवेगळ्या काढ. एकत्र फ्लोटर काढली तर हप्ता मोठ्या वयाच्या माणसावर ठरतो, आणि एकाच्या मोठ्या आजारात दुसऱ्याचंही संरक्षण संपून जातं.

आणि हप्ता आजच्या पगाराच्या डोळ्यांनी बघू नकोस. सवय जात नाही, मला ठाऊक आहे. पण तुझी ईपीएफची पेन्शन किती येणार ते तू पाहिलंयस. धर, आज दोघांचा मिळून हप्ता 25 हजार आहे आणि तो दरवर्षी 10 टक्क्यांनी वाढला. सत्तरीला तो 65 हजारांच्या घरात जातो आणि ऐंशीला 1 लाख 68 हजार. 2025 च्या जानेवारीपासून साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी नियामकाशी बोलावं लागतं, एवढा आधार आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी पूर्ण गेला, हाही मोठा दिलासा. तरी वाढ होणारच. म्हणूनच 25 लाखांच्या एका चकचकीत पॉलिसीच्या मोहात पडू नकोस. भरता आली नाही आणि पंच्याहत्तरीला सोडून द्यावी लागली, तर ऐन गरजेच्या वेळी हात रिकामे.

ह्यांनी आमच्यासाठी केलं तेच तूही कर. ग्रॅच्युइटी आली की त्यातले 5 लाख वेगळे काढ आणि पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाक. एप्रिल 2023 पासून तिथे 8.2 टक्के व्याज मिळतंय, म्हणजे दर तिमाहीला 10,250 रुपये. ते व्याज घरखर्चात मिसळायचं नाही, ते मेडिक्लेमचं. सुरुवातीच्या वर्षांत हप्ता भरून जे उरेल ते साठू दे, पुढे लागेल. प्राप्तिकराची जुनी पद्धत ठेवलीस तर साठीनंतर 80 डीखाली 50 हजारांपर्यंतचा हप्ता वजा होतो. फक्त तो रोखीने भरायचा नाही. नव्या पद्धतीत ही सूट नाही.

बाळू म्हणतो ना, आई, माझ्या कंपनीच्या पॉलिसीत तुम्हा दोघांची नावं आहेत? असू देत. लेकराची माया आहे ती. पण त्याने नोकरी बदलली की ती पॉलिसी गेली, आणि तेव्हा तू कदाचित पासष्टची असशील. तिच्यावर विसंबून स्वतःची सोडू नकोस.

सरकारी योजनेला नाक मुरडू नकोस, हेही सांगून ठेवते. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता फक्त पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांची राहिली नाही. राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यात आहेत, ठरलेल्या आजारांसाठी आणि यादीतल्या हॉस्पिटलांत. तिथे आरोग्यमित्र म्हणून एक माणूस टेबल टाकून बसलेला असतो, त्याच्याकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायचं. आणि तुझ्या सासूबाई! त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. त्यांचं वयवंदना कार्ड अजून काढलं नसशील, मला खात्री आहे. आधार घेऊन जा आणि ह्याच आठवड्यात काढ. त्यांना आता नवी खाजगी पॉलिसी परवडणारी नाही, पण हे फुकट आहे.

पॉलिसी आली की तिची एक झेरॉक्स बाळूला दे, एक माझ्याकडे पाठव, आणि कार्डाचा फोटो तुझ्या ह्यांच्या मोबाइलमध्ये राहू दे. माझ्या फाइलीत सगळे कागद आहेत, क्लेम नामंजूर केल्याचं ते पत्रही. कधी क्लेमवरून अडलंच आणि कंपनीने ऐकलं नाही, तर विमा लोकपालाकडे एक पैसा न देता दाद मागता येते. पुण्यालाही त्यांचं कार्यालय आहे. तेव्हा मी तुझ्याबरोबर येईन.

पण ते सगळं पुढचं. आज फेब्रुवारीची 16 तारीख. अर्ज महिनाभर आधी जायला हवा, म्हणजे 1 मार्चच्या आत, आणि 1 मार्चला रविवार आहे. उद्या सकाळी गंगेवरून आलीस की चहा घे आणि थेट ऑफिसच्या एचआरकडे जा. ग्रुप पॉलिसीचा नंबर आणि तुमच्या दोघांच्या सर्टिफिकेटची प्रत घे, विमा कंपनीच्या शाखेत मायग्रेशनचा अर्ज दे, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नकोस. पोच मिळाली की मला फोन कर.